काटेवाल्या आप्पांचे अठरा किलो

आप्पा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी वजन. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं उसाच्या गाड्या तोललेला माणूस, नजरच तशी बसलेली. बोकड असो, नवरदेव असो, की आमच्या शाळेच्या तपासणीला आलेले साहेब असोत, आप्पा एकदा वरून खाली बघणार आणि आकडा सांगणार. म्हणून सगळं खुटबाव त्यांना काटेवाले आप्पा म्हणायचं. आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा नमस्काराच्याही आधी मला म्हणाले, "ब्याऐंशी. चपला धरून." मला भयंकर राग आला. शिक्षकाला असं तोंडावर सांगतात का? तरी दुसऱ्या दिवशी गुपचूप दवाखान्यात जाऊन मोजलं. ब्याऐंशीच भरलं.

स्वतःचा आकडा मात्र ते कधी सांगत नसत. निवृत्त झाल्यावर तर त्यांनी तो विषयच बंद केला. नोकरीत निदान पाळीला उठून सायकल मारावी लागायची. आता अंगणात खुर्ची, खुर्चीत आप्पा, हातात बशी. मी त्यांच्या आदल्या वर्षी निवृत्त झालो होतो, त्यामुळे शेजारी दुसरी खुर्ची माझीच असायची. नाश्त्याला पोहे, दुपारी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या हातच्या बाजरीच्या तीन भाकरी, मग झोप, मग चहा. आम्ही दोघं देशाच्या कारभारावर बोलायचो आणि फुगत चाललो होतो.

अशात वहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिस सुरू झालं. सकाळी गेलेली बाई संध्याकाळी पिळून काढलेल्या कपड्यासारखी परत यायची. पुढे पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की किडनी बदलता येईल. मुलीचा रक्तगट जुळत नव्हता, आप्पांचा जुळत होता. पण अठ्ठ्याण्णव किलोच्या माणसाची किडनी काढणं धोक्याचं. ऐंशीच्या आत आलात तर पुढच्या तपासण्या करू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवशी मी बरोबर होतो. परत येताना गाडीत वहिनी हसून म्हणाल्या, "ह्यांचं वजन उतरायच्या आत माझं सरपण रचून झालेलं आसंल." त्या थट्टेतच म्हणाल्या होत्या. आप्पा मात्र हसले नाहीत. यवत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळेला आमच्या फाटकावर काठी वाजली. बाहेर आप्पा. पायात कारखान्यातले जुने बूट, डोक्याला मफलर. म्हणाले, "चला गुरुजी. उसात बिबट्या हाय, एकट्यानं जायाचं भ्या वाटतं." बिबट्या होता हे खरं, आदल्याच आठवड्यात राहू गावाच्या रस्त्याला कुणाचं तरी वासरू नेलं होतं. पण आप्पा त्याला भिणाऱ्यांतले नव्हते. त्यांची भीती वेगळी होती. एकट्यानं सुरू केलं तर तिसऱ्या दिवशी बंद पडेल, ही. आम्ही कालव्याच्या कडेनं पहिल्या पुलापर्यंत गेलो आणि दोघंही कठड्यावर धापा टाकत बसलो. तिथून घर दिसत होतं, इतकं ते अंतर.

घरच्या छोट्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दर सोमवारी कांद्याच्या व्यापाऱ्याच्या वखारीत, पोती तोलायच्या काट्यावर उभे राहायचे. त्याआधी खिसे रिकामे करायचे, काठी माझ्याकडे द्यायचे, चष्मासुद्धा काढायचे. हमाल हसायचे. आप्पा म्हणायचे, हसा, पण काट्याला हात लावू नका.

पहिला महिना संपला. रोजचं चालणं झालं होतं, साखर सोडली होती, भाकरी तिनाची दीड झाली होती. आप्पा काट्यावर चढले, तर नव्याण्णव! त्यांनी काटा दोनदा तपासला, व्यापाऱ्याला चार शब्द सुनावले आणि मग पोत्यावर बसले. मी धीर द्यायला काहीतरी बोलत होतो. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. चालून परतताना वाटेतल्या गुऱ्हाळावर आम्ही रोज थांबायचो. गुळाचा चहा दोन कप, वर पेलाभर गरम काकवी. दिवसभर घरी चहा तोही गुळाचाच. गुळानं वजन वाढत नाही, असं आमच्या भागात शेंबड्या पोरापासून डॉक्टरकीचा आव आणणाऱ्यांपर्यंत सगळे छातीठोक सांगतात. मीही सांगत होतो.

"चौतीस वर्षं ऊस तोलला गुरुजी," आप्पा म्हणाले, "आन् मला कळलं न्हाई, की गूळ बी त्याच उसाचा हाय."

त्या दिवसापासून गुऱ्हाळावरून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे. मी एकदा म्हणालो की मला थोडी काकवी घेऊ द्या, तर मला काठीनं पुढे ढकललं.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी नवाच शब्द काढला. ताटावर पालथा हात धरायचा आणि म्हणायचं, काटा बंद हाय. कारखान्यात काटा बंद म्हटलं की गाड्यांची रांग कितीही लांब असो, आत कुणी येत नसे. पण आपल्याकडचा आग्रह! शिरूरला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मुलीचे वडील स्वतः जिलबीचं ताट घेऊन पंगतीत आले आणि आप्पांच्या पालथ्या हातावरच जिलबी ठेवून म्हणाले की आमच्या घरचं गोड चालत नाही का? सगळी पंगत बघायला लागली. आप्पांनी ती जिलबी उचलून, दोन्ही हातांनी कपाळाला लावून परत ताटात ठेवली. खरं कारण सांगितलं असतं तर माणूस पाया पडला असता. पण वहिनी समोरच्या पंगतीत होत्या, चार लोकांत त्यांच्या आजाराचा बाजार आप्पांना नको होता. मुलीचे वडील रुसले ते रुसलेच.

रोज उत्साह असायचा असंही नाही. पावसाळ्यात कालव्याचा रस्ता म्हणजे नुसता रेंदा. मी पांघरुणातून ओरडायचो, आज मन नाही. आप्पा फाटकाबाहेरून शांतपणे म्हणायचे, "मनाला कोण इचारतंय? गाडी आली की काटा चालू करायचा." आणि मी शिव्या देत उठायचो. पहिल्या पुलाचा दुसरा झाला, दुसऱ्याचा चौथा.

अकराव्या महिन्यात काटा साडेएक्क्याऐंशीवर आला आणि तिथंच रुतला. चार दिवसांनी पुण्याला जायचं होतं. वहिनींची तब्येत ढासळत होती, चेहरा सुजायला लागला होता. मी आप्पांना सुचवलं की दोन दिवस जेवू नका, पाणीही बेतानं प्या, काट्यापुरतं उतरेल. ते चालता चालता थांबले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी मारून ऊस जड करणारे डायवर मी आयुष्यभर धरले," ते म्हणाले. "ते कारखान्याला फसवत व्हते. मी कुणाला फसवू गुरुजी? हिला?"

मला माझीच लाज वाटली. पुण्याला गेले, जेवून गेले, साडेएक्क्याऐंशी भरले आणि महिनाभरानं या असं ऐकून परत आले. तो महिना आम्ही सकाळ-संध्याकाळ चाललो. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी वखारीत काट्यानं एकोणऐंशी दाखवलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा चष्मा न घालताच बाहेर पडले, कारण डोळे पुसत होते.

ऑपरेशन नीट झालं. पुढची चार वर्षं वहिनी हिंडत्याफिरत्या होत्या. आप्पांचं वजनही परत वर गेलं नाही, कारण काम झालं म्हणून काठी वाजायची थांबली नाही. मग गेल्या पौषात एका दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले हृदयाचा झटका, किडनी दिल्याचा काही संबंध नाही.

दहाव्याला लोक बोलायचं ते बोललेच. एवढं चालला, तोंड बांधून राहिला, काय उपयोग झाला? गेलाच ना? मी उत्तर द्यायला उठणार होतो. भिंतीला टेकून बसलेल्या वहिनींनी हातानंच मला खाली बसवलं.

मी चालणं सोडलं. खोटं कशाला सांगू, मला त्या रस्त्याकडे बघवत नव्हतं. जाग यायची, कान फाटकाकडे लागायचे आणि मी कूस बदलायचो. महिन्याभरात पोट पुन्हा दिसायला लागलं.

तेराव्यानंतर महिना झाला असेल. उजाडत होतं आणि फाटकावर काठी वाजली. मी धडपडत बाहेर आलो. वहिनी उभ्या होत्या. डोक्याला आप्पांचा मफलर, हातात आप्पांची काठी. माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाल्या, "शहाऐंशी तरी आसताल. बायकोला बी उठवा, तिघंबी जाऊ."

मी म्हणालो, वहिनी, तुम्हाला झेपेल का? अजून दिवस तरी किती झालेत?

त्यांनी पदराखालून कुशीवर हात ठेवला, ऑपरेशन झालं होतं तिथं.

"मला न्हाई वो जायाचं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पर ह्यांच्या किडनीला सकाळी चालायची सवय हाय. तिला घरात कशी बसवू?"

मी आत जाऊन बूट घातले.