डॉक्टरकाकांचा मोरोक्को

मोरोक्कोला दहादा जाऊन आलेल्या माणसालाही मोरोक्कोबद्दल गोंधळात टाकेल असा माणूस लंडनजवळच्या आमच्या अख्ख्या वॉटफर्डमध्ये एकच होता, आमच्या शेजारचे डॉक्टरकाका. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देऊन ते रिटायर झाले होते, पण भूल द्यायची सवय काही सुटली नव्हती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आम्ही फेब्रुवारीतल्या शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मुलांना घेऊन मोरोक्कोला जायचं ठरवलं, तर हे रोज चहाच्या वेळी त्या देशाची ओळख करून द्यायला हजर. सोमवारी म्हणाले, बाजारात भाव ऐकला की तडक उठायचं. मंगळवारी म्हणाले, "उठायचं अजिबात नाही. शांतपणे चहा प्यायचा."

"काका, काल तुम्हीच उठायला सांगितलंत," माझी बायको म्हणाली.

"ते गालिच्यांचं. की चपलांचं होतं?" असं म्हणून ते स्वतःच विचारात पडले. त्यांचं वाळवंट एकदा शहराला लागून असे, एकदा दिवसभराच्या ड्राइव्हवर. मोरोक्कोत बर्फाचे डोंगर आहेत म्हणाले, तेव्हा मात्र आम्ही नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

मराकेशला गालिच्याच्या दुकानात मी भाव ऐकून उठलो, बायकोने हाताला धरून बसवलं, चहा आला, तो पिऊन मी पुन्हा उठलो. दुकानदार इतका गोंधळला की त्याने आपणहून भाव उतरवला. आणि हॉटेलच्या गच्चीवरून पाहतो तर समोर खरोखरच बर्फाचे डोंगर.

परत आलो त्या संध्याकाळी काका आले. मी विचारलं, "काका, तुम्ही कधी गेला होतात तिकडे?"

"मी कुठे गेलोय? ही गेली होती, वॉर्डातल्या मैत्रिणींबरोबर. माझी ऑन-कॉल ड्युटी होती. आल्यावर आठवडाभर सांगत होती, आणि मी पेपर वाचत हं हं करत होतो. आता आठवायला बसलो की अर्धंमुर्धंच हाताला लागतं."

काकू वारल्या त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. बायकोने टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "एअरपोर्टपासून सांगते, काका."

एरवी काका कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसत. त्या संध्याकाळी ते मध्ये एकदाच बोलले.

"सावकाश सांग," म्हणाले.