घरच्या पाहुणीचे आभार

दर शनिवारी संध्याकाळी मी सोशल मीडियावर गप्पांचा एक कार्यक्रम करते. थेट, आणि फक्त आवाजाचा. चेहरा दिसत नाही, त्यामुळे केस विंचरावे लागत नाहीत, हा पहिला फायदा. दुसरा असा की एखादा फारच बोलायला लागला तर त्याचा आवाज मला एका बोटाने बंद करता येतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून एवढी सत्ता मला कधीच मिळाली नव्हती.

कार्यक्रमात मी आपलं काम नीट करणाऱ्या साध्या माणसांना बोलावते. घड्याळं दुरुस्त करणारे, लग्नात क्लॅरिनेट वाजवणारे, सापाला पकडून परत जंगलात सोडणारे. लोकांना वाटतं, माईक चालू केला की गप्पा आपोआप होतात. कपाळ होतात! आधी पाहुण्याशी फोनवर बोलून घ्यावं लागतं, आणि त्या फोनवर तो सगळं इतकं रंगवून सांगतो की शनिवारी "ते तर तुम्हाला सांगितलंच की" म्हणून मोकळा होतो. म्हणून आता त्या फोनवर मीच बोलते आणि त्याला बोलूच देत नाही. पाहुणा वाघोलीचा असेल तर आधी खिडकी लावून घ्यायला सांगते, कारण तिकडे पाण्याचा टँकर नेमका माझ्या कार्यक्रमात पीं पीं करत मागे मागे येत असतो. श्रोत्यांत "प्रश्न नाही, फक्त दोन शब्द बोलतो" म्हणणारे गृहस्थ असतातच. त्यांचे दोन शब्द पानशेतच्या पुरापासून सुरू होतात.

एवढं सगळं असून माझ्या सासऱ्यांच्या मते हा कार्यक्रमच नव्हता, कारण त्यात आभारप्रदर्शन नव्हतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, कारखान्यातून निवृत्त झाले. पण आभारातून अजून झालेले नाहीत. आमच्या कॉलनीच्या मंडळात स्वागताला एक, प्रास्ताविकाला दुसरे आणि आभाराला बाबा, अशी वाटणी माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासूनची आहे. आभाराची वेळ म्हणजे लोकांचा एक पाय चपलेत असतो. बाबांना त्याचं काही नसतं. हातात कागद न घेता, पोटावर हात बांधून ते अध्यक्षांपासून सतरंज्या गोळा करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे क्रमाने आभार मानतात. शेवटी ज्ञात आणि अज्ञात अशा सर्वांचे मानतात, तोवर समोर फक्त अज्ञात उरलेले असतात.

रोज टोमणे ऐकण्यापेक्षा मी त्यांना शेवटची पाच मिनिटं देऊन टाकली. ते शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून बेडरूममध्ये दार लावून घेत आणि कपाटासमोर उभं राहून "व्यासपीठावरील मान्यवर" अशी सुरुवात करत. "बाबा, व्यासपीठ कुठाय?" असं मी एकदा विचारलं. "मान्यवर तरी कुठायत?" ते म्हणाले.

तर असं सगळं बरं चाललं होतं आणि त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला.

आम्ही हॉल घेतला. भाषणं झाली. शेवटी बाबा उठले, कारण स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा आभार दुसऱ्या कुणी मानावेत हे त्यांना पटणारं नव्हतं. त्यांनी हॉलच्या मॅनेजरचे आभार मानले. आचाऱ्याचे मानले. गाड्या लावून देणाऱ्याचे मानले. सतत मध्ये मध्ये येणाऱ्या फोटोग्राफरचेही मानले. शेजारच्या खुर्चीवर नवी पैठणी नेसून बसलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचा उल्लेखही झाला नाही.

घरी येऊन पैठणीची घडी घालताना आई एवढंच म्हणाल्या, "आचाऱ्याचे मानलेत. मठ्ठा आंबट होता त्याचा."

"आपल्या माणसांचे आभार मानायचे नसतात," बाबा म्हणाले. "आभार परक्यांचे मानायचे. पद्धत आहे."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना म्हणावं, पन्नास वर्षं त्यांच्या घरात काढली. एका संध्याकाळपुरतं परकं धरलं असतं तर काही बिघडत नव्हतं."

बाबा समोरच उभे होते. तरी "त्यांना म्हणावं" हे मला उद्देशून होतं. तिथून अबोला सुरू झाला आणि माझी टपालखात्यात नेमणूक झाली. "त्यांना सांग, चहा झालाय." "तिला विचार, साखर घातलीय का." "त्यांना सांग, चव घेऊन बघा, जीभ आहे." हे सगळं एका चौकोनी टेबलाभोवती. मी मधली वाक्यं गाळायला लागले, तर दोघंही मलाच रागावले. नवऱ्याला म्हटलं, तुझे आईवडील आहेत, तू काहीतरी कर. तो म्हणाला, "टेक्निकली हा त्यांचा इंटर्नल इश्यू आहे." त्याच्याशी मग मीही दोन दिवस अबोला धरला. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

सुरुवातीला मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण दोघं रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जायचे, ते आता एकाच बागेत उलट्या दिशांनी फेऱ्या मारायला लागले. प्रत्येक फेरीत समोरासमोर यायचे आणि दोघंही झाडांकडे बघत पुढे जायचे. एकदा भाजी घेऊन येताना मी कुंपणाबाहेरून ते पाहिलं. आमचा अबोला दोन दिवसांत मोडतो, कारण आमच्यापुढे वेळ पडलाय असं आम्ही धरून चालतो. यांचं तसं नव्हतं. यातला एक जण उद्या आजारी पडला, काही बरंवाईट झालं, तर दुसऱ्याकडे शेवटचं बोलणं म्हणून आंबट मठ्ठाच उरणार होता. मला खरंच भीती वाटायला लागली.

समजावून काही होणार नव्हतं. बाबांचा मुद्दा नियमाचा होता, आणि पुण्यातल्या माणसाला एक वेळ देव सोडायला सांगावं, नियम सोडायला सांगू नये. भाजी निवडता निवडता माझ्या डोक्यात आलं, की नियम मोडायचा कशाला? नियमाप्रमाणेच करू. आभार परक्यांचे मानायचे ना? मग आईंनाच पाहुण्या म्हणून बोलवू.

आईंना बोलवण्यात वशिल्याचा भाग नव्हता. त्यांनी याच घरात कितीतरी वर्षं पाळणाघर चालवलं होतं. अख्ख्या कॉलनीतल्या नोकरी करणाऱ्या बायकांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती. मी विचारलं तर आधी झिडकारलं. "मी काय बोलणार? शी, शू आणि मऊ भात. लोक फोन बंद करतील." मग लसूण सोलता सोलता थांबल्या. "आभार कोण मानणार?"

"नेहमीचेच."

"मग येते," आई म्हणाल्या.

आईंचं नाव घातलेलं कार्यक्रमाच्या जाहिरातीचं चित्र मी फोनवर टाकलं. बाबांनी ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता नकार येणार. ते म्हणाले, "पाहुण्यांचा परिचय लेखी पाठव. दर वेळी मागतो, तसाच."

"बाबा, अहो, पन्नास वर्षं..."

"पद्धत आहे."

मी परिचय लिहून पाठवला.

शनिवारी नवऱ्याला अचानक खडकवासल्याच्या मित्राची आठवण आली आणि तो दुपारीच धरणाकडे गेला. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात बसल्या, बाबा बेडरूममध्ये दार लावून, आणि मी हॉलच्या गॅलरीत, काचेचं दार ओढून. तिथून मला हॉलपलीकडे स्वयंपाकघरात बसलेल्या आई दिसत होत्या. त्यांनी चक्क पावडर लावली होती.

आणि काय बोलल्या! माझा कुठलाच प्रश्न त्यांनी पुरा होऊ दिला नाही. कुठलं पोर आई गेल्यावर रडतं आणि कुठलं आई आल्यावर, आणि दुसरंच जास्त का जपावं लागतं, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी माझी टिपणं बाजूला ठेवली. मग फोनवर श्रोत्यांचे, बोलायचंय म्हणून सांगणारे, हात वर व्हायला लागले. एक जाड आवाजाचे गृहस्थ म्हणाले, "काकू, मी तो चावणारा." आईंनी विचारलं, "आता कुणाला चावतोस?" "आता टॅक्स कन्सल्टंट आहे," तो म्हणाला. "म्हणजे सुटली नाही सवय," आई म्हणाल्या. एक बाई कुठल्याशा दूर देशातून बोलत होत्या. काकूंच्या हातचा मऊ भात आठवतो म्हणाल्या, आणि पुढे त्यांना बोलताच येईना. मलाही डोळे पुसावे लागले. चेहरा दिसत नाही, हा तिसरा फायदा.

मग आभाराची वेळ झाली. मी बाबांचा माईक उघडला.

त्यांनी श्रोत्यांचे मानले. माझे मानले, निवेदिका म्हणून. फोनच्या कंपनीचे मानले, विजेचे मानले. मग आईंचं पूर्ण नाव घेतलं, लेखी परिचयात होतं तसं, आणि थांबले. इतके थांबले की मी फोन हलवून पाहिला.

"आजच्या पाहुण्या," बाबा म्हणाले. "यांच्याबद्दल परिचयात एक गोष्ट आलेली नाही. आमच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. त्या काळात आमचं घर यांच्या पाळणाघरावर चाललं. मी संध्याकाळी मंडळात जाऊन मांडववाल्याचे आभार मानत होतो. घरी आलो की ताट वाढलेलं असायचं. ते कुठून आलं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. अशा वेळी, आम्हाला त्यांच्या ऋणातच राहायला आवडेल, असं म्हणायची पद्धत आहे. पण ऋणात मी फार वर्षं राहिलो. तेव्हा मी त्यांचे आभार मानतो."

काचेतून मी आईंकडे पाहिलं. त्या फोनकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं आपलं काम. मी समारोपाचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "एक राहिलं."

"आभारानंतर पाहुण्यांनी बोलायचं नसतं," बाबा म्हणाले. इतक्या आठवड्यांत ते आईंशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य.

"तुम्ही अर्धंच सांगितलंत. टाळं होतं तेव्हा दुपारी सगळी पोरं कोण झोपवायचं?"

बाबा खाकरले.

"हे झोपवायचे," आई श्रोत्यांना म्हणाल्या. "अंगाई येत नव्हती, म्हणून आभाराचं भाषण करायचे. दूधवाल्याचे आभार, खेळण्यांचे आभार, ज्यांनी चड्डीत केली नाही त्यांचे विशेष आभार. ज्ञात-अज्ञातांपर्यंत जाईतो सगळी पोरं गार. चावणारासुद्धा."

कुणीतरी हसलं. बहुतेक टॅक्सवालाच.

"ते सांगायची काय गरज होती?" बाबा म्हणाले.

"का? लोक हसले असते?"

"हो."

"हसू देत." आईंचा आवाज बदलला. "पोरं झोपायची, पण मी जागी असायचे. भिंतीला टेकून बसायचे आणि तुमचं भाषण शेवटपर्यंत ऐकायचे. तुमचं शेवटपर्यंत कुणी ऐकलं असेल, तर ते मी. रोज वाटायचं, आज पोरं झोपलीत, तिसरं कुणी नाही, आज माझं नाव येईल. तुम्ही कोपऱ्यातल्या माठाचे मानायचात."

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

"आज मानले ना?" बाबा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

"कपाटासमोर उभं राहून मानलेत. इकडे येऊन माना."

बेडरूमचं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा चालू फोन हातात धरून हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाले. मी गॅलरीतून हातवारे केले, कारण एकाच कार्यक्रमात बोलणारे दोन फोन जवळ आले की एकमेकांचा आवाज पकडून कानठळ्या बसेपर्यंत किंचाळतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. किंचाळी उठली. श्रोत्यांची पळापळ झाली. मी घाईघाईने दोघांचेही आवाज बंद केले, तेव्हा कुठे शांत झालं.

आता मला काहीच ऐकू येत नव्हतं. काचेतून फक्त दिसत होतं. बाबांनी फोन ओट्यावर ठेवला, पोटावर हात बांधले आणि बोलायला लागले. आई खुर्चीवर ताठ बसून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी बोट वर करून काहीतरी दुरुस्त केलं. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा सुरू केलं.

"काय म्हणाले काका?" टॅक्सवाल्याने लिहून विचारलं. मग आणखी कुणी विचारलं, मग सगळेच विचारायला लागले. मी कार्यक्रम संपल्याचं जाहीर करून टाकलं. बाबांचं भाषण बराच वेळ चाललं, आणि ते संपेपर्यंत मी गॅलरीतच बसून राहिले.