भूतवाल्या भाऊचा दुसरा भाग

माझा आवाज ऐकून देशभरातल्या पोरायच्या चड्ड्या ओल्या झाल्या आहेत. त्यात माझं कर्तृत्व येवढंच, का मी स्वतःच भिऊन किंचाळलो होतो अन् भूतवाल्या भाऊनं ते टेप करून आपल्या गेमात टाकलं.

भूतवाले भाऊ म्हणजे बेसा वस्तीतल्या, कम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या हापिसाचे मालक. मी तिथं चहा करायचो, झाडू मारायचो. मले वाचता येत नाही, पण नवीन भूत तयार झालं का भाऊ पहिले मलेच कम्प्युटरसमोर बसवायचे. "हा भ्याला का जग भ्यालं," म्हणत. मी पालीले भितो, कुकरच्या शिट्टीले भितो. काटोलच्या बगीच्यातल्या भुताचा त्यायचा पहिला गेम माझ्या बोंबलण्यावरच पास झाला अन् तुफान चालला.

मंग लोक दुसरा भाग मागाले लागले, अन् तिथंच घात झाला. मले भुतायची सवय होऊन गेली होती. उलट्या पायाची बाई अंगावर आली, तर मी म्हटलं, "बाई, चहा घेता का?" सारं हापिस हसलं. भाऊ हसले नाही. त्यायनं ते भूतच पुसून टाकलं.

असे किती पुसले. भाऊचा जेवणाचा डब्बा भरलेलाच घरी परत जाऊ लागला. भाऊचं बोलणं कमी झालं, डोळे खोल गेले. माझ्या मांगं उभे राहून मानेकडे पाहत राहायचे, काटा येते का म्हणून. मी म्हणायचो, "भाऊ, दोन घास तरी खा."

"तू भे, मंग मी जेवतो."

एक दिवस गेम मधातच बंद पडला. स्क्रीन काळी झाली. त्या काचेत माझ्या खांद्यावर एक तोंड दिसलं. गालफडं बसलेली, पापणी हलत नाही. मी खुर्चीसकट उलटा झालो अन् असा बोंबललो, का खालचा पानठेलेवाला वर धावत आला.

भाऊ नाचाले लागले. "कुठं भ्याला गा? कोणत्या जागी?"

"गेमले नाही भाऊ. काचेत तुमचं तोंड दिसलं, त्याले भ्यालो. चला, दवाखान्यात चला."

त्यायचं नाचणं थांबलं. मले वाटलं, समजलं यायले. तर त्यायनं मोबाईल काढून स्वतःच्या तोंडाचा फोटो घेतला, पाहिला अन् म्हणाले, "अजून थोडं सुकाले पाहिजे."

दुसरा भाग आला. त्यातलं भूत म्हणजे तेच तोंड. पोरं भ्याली, वाहवा झाली. ते ऐकाले भाऊ हापिसात नव्हते. काम संपलं तवा खुर्चीतच कोसळले, अन् वहिनी त्यायले दवाखान्यातून सरळ काटोलले, आपल्या माहेरी घेऊन गेल्या.

बऱ्याच दिवसानं मी भेटाले गेलो. भाऊ ओसरीत वरणभात खाऊन राहिले होते. गाल भरले होते. मले पाहिलं अन् त्यायनं हातातला घास खाली ठेवला.

"बरं झालं आला. बस. तिसऱ्या भागाचं सुचून राहिलं."

वहिनीनं मले उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही.

"तुमाले पाहिलं का यायचं जेवण सुटते," त्या म्हणाल्या. "परतीची बस पाहा, अन् पुन्हा येऊ नका."