रविवारचा गोळीबार

मुलगा कॉलेजात होता तेव्हा आमच्या घरात दिवसभर गोळ्या सुटायच्या. कानाला हेडफोन लावून तो मोबाईलवर खेळायचा आणि मधूनच ओरडायचा, "मार त्याला, सोडू नको." समोरच्या काकू दारातून डोकावून जायच्या.

एकदा जेवायला हाका मारून त्याचे वडील कंटाळले आणि त्यांनी त्याचे हेडफोन ओढले. त्यानं त्यांचा हात इतक्या जोरात झटकला की ते मागच्या कपाटावर आदळले. लागलं नाही फारसं, पण आम्ही दोघंही घाबरलो.

"आज झटकला, उद्या उगारेल," हे म्हणाले. वायफाय त्याच दिवशी बंद झालं. पुढं एका सकाळी मुलानं न सांगता वडिलांना चहा करून दिला. त्या झटकण्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

आता तो जर्मनीत नोकरी करतो. फोनवर आमचं ठरलेलं बोलणं असायचं. जेवलास का, थंडी किती, शेंगाचटणी संपली का. फोन ठेवला की वाटायचं, बोलायचं ते राहूनच गेलं. मागच्या उन्हाळ्यात मीच म्हटलं, "तुझा तो गेम मला शिकव की."

तो हसला. "आई, त्यात माणसं मारायची असतात."

"माहीत आहे मला."

तेव्हापासून रविवारी दुपारी, बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत असताना, मी पडदे ओढून खेळायला बसते. तिकडं त्याची सकाळ असते. गवतात दबा धरून बसलो की तो बोलायला लागतो. ऑफिसात एकट्यानं जेवतो, हे मला तिथंच कळलं. एका मुलीबद्दलही सांगितलं, जी आता त्याच्याशी बोलत नाही.

हरले की माझी चिडचिड होते. परवा मी पातेलं आपटलं तेव्हा हे म्हणाले, "बघ, तुझाही हात चालायला लागला." मी हसले नाही. अंगात काहीतरी शिरतं खरं, आणि थोड्या वेळानं उतरतं. मुलाच्या अंगात एवढंच शिरत होतं की जास्त, मला सांगता येणार नाही. त्यानं कुणावर हात उचलल्याचं पुढं कधी ऐकलं नाही. राग मात्र त्याला अजून पटकन येतो. तो त्याच्या वडिलांनाही येतो, आणि त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही.

गेल्या रविवारी मला गोळी लागली. अशा वेळी आपला माणूस गुडघ्यावर पडतो आणि सोबत्यानं वेळेत येऊन उठवलं तरच वाचतो. मुलगा बराच लांब होता. मध्ये उघडं माळरान.

"तू नको येऊस, तुलाही मारतील," मी म्हटलं.

"गप पडून राहा, आई. मी येतोय."

येतोय. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून किती दिवाळ्या झाल्या. पडद्यावर तो माझ्याकडं धावत येताना दिसला. अगदी जवळ आल्यावर त्याला कुणीतरी टिपलं.

"परत खेळायचं?" त्यानं विचारलं.

यंदा तरी येशील का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं.