मार्थाबाईंचा डबा

मार्थाबाई कुणावर चिडल्या की त्याच्या पानात जास्त वाढायच्या. माझ्या स्कूटरने गेटजवळची त्यांची मोगऱ्याची कुंडी फुटली, तेव्हा माझ्याही पानात भाताचा डोंगर पडला होता. "खा, लाज वाटेपर्यंत खा," म्हणाल्या.

बदलापुरात नदीजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. नाताळात घरोघरी करंज्यांचा डबा द्यायच्या. एका वर्षी तळमजल्यावरच्या चेअरमनकाकांनी तो न उघडताच वॉचमनच्या हाती परत पाठवला. "आमच्यात चालत नाही म्हणून सांग." मार्थाबाईंनी त्या करंज्या आम्हाला दिल्या आणि डबा घासून फळीवर ठेवला.

"हा त्यांच्या घरातच रिकामा होणार, बघ तू."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. पण पुढच्या पावसाळ्यात उल्हास नदी बिल्डिंगमध्ये शिरली आणि आमची तळमजल्यावरची घरं चिखलात गेली. गाद्या, धान्य, गॅस, काही उरलं नाही. अंबरनाथच्या चर्चने चादरी आणि तांदूळ-डाळ पाठवली, गच्चीवर चूल मांडली. वाढायला अर्थातच मार्थाबाई. आम्ही सगळे जेवायला बसलो. काका-काकू तेवढे खाली आपल्या घरात; काका चिखलात खुर्ची टाकून ताठ.

मार्थाबाईंनी तोच डबा खिचडीने काठोकाठ भरला. चर्चमधून आलेले फादर हळूच म्हणाले, "मार्था, प्रेमाने दे हं."

"फादर, अन्न चर्चचं आहे, राग माझा आहे. त्यात तुम्ही पडू नका."

त्या खाली उतरल्या. मागोमाग आम्ही, तमाशा बघायला.

"घ्या काका. आता चालतं का?"

काकू नुसत्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. आदल्या दिवसापासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. काकांनी मान खाली घालून डबा घेतला. तो रिकामा होईपर्यंत मार्थाबाई दारातून हलल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

डबा मात्र काकांनी ठेवून घेतला. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्याकडेही होती आणि डब्यात घालायला घरात काही नव्हतं. दिवाळीत माझ्यासमोरच ते स्वतः तीन जिने चढून मार्थाबाईंकडे आले. डब्यात अनारसे होते. मार्थाबाईंनी झाकणही न उघडता तो त्यांच्या हातात परत दिला.

"आमच्यात चालत नाही."

दार लावून त्या माझ्याकडे बघून हसल्या. "फिटलं! आता पुन्हा आणला तर घेईन. पोटभर खाईन."

काकांनी पुन्हा आणला नाही. मार्थाबाई वांगणीला मुलाकडे राहायला जाईपर्यंत दर दिवाळीत दार सताड उघडं टाकून बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "वारा येतो."