विजेशिवायचा संगणक

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्ही म्हणाल, बायकोला न सांगितलेल्या गोष्टी कुणाकडे नसतात? पण माझी अडचण अशी की माझ्या पोटात काहीच राहत नाही. एकदा मी स्कूटरमध्ये डिझेल भरून घेतलं आणि ती ढकलत घरी आणली, तर संध्याकाळच्या आत अर्ध्या बदलापूरला ती हकिकत माझ्याच तोंडून कळली होती. स्वतःच्या फजित्या सांगायच्या आणि चारचौघांना हसवायचं, एवढा एकच उद्योग मी आयुष्यभर नेटाने केला. ही मात्र — कशी कोण जाणे — आतच राहिली. बहुधा तिच्यात हसण्यासारखं काही सापडेना म्हणून.

तर सांगतो. थोडे वळसे घेत सांगेन, चालेल ना?

दोन हजार सात-आठचा काळ. मी बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिकवत होतो. शाळेला कुठल्याशा संस्थेकडून आठ संगणक भेट मिळाले होते. हेडसरांनी नारळ फोडला, प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू लावलं, फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडाची आठ झबली शिवून घेतली, ती संगणकांना घातली, आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात. मुलं चपला बाहेर काढून आत जायची, झबल्यांवरची धूळ पुसायची आणि हात जोडून बाहेर यायची. हा आमचा संगणकाचा तास. त्यात भारनियमन — सकाळी शाळा भरली की लाईट जायची ती शाळा सुटताना यायची. जणू महावितरणने आमचं वेळापत्रक मागवून घेतलं होतं.

आणि नेमका याच काळात मला ब्लॉगचा नाद लागला. शाळेत तंत्रज्ञान कसं वापरावं यावर मराठीत लिहिणारे आम्ही शिक्षक तेव्हा बोटांवर मोजण्याइतके. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी एकेक अक्षर शोधत टाइप करायचो. ब्लॉगचं नाव ‘खडू ते क्लिक’. पहिल्या लेखाचं शीर्षक ‘आमच्या शाळेतील संगणकक्रांती’. क्रांती म्हणजे कोणती? ती झबली पुसण्याची. पण ते लिहिलं नव्हतं.

वाचक कुणी नव्हते, म्हणून मीच झालो. ‘अप्रतिम सर! आपली शाळा धन्य — एक पालक.’ हा पालक मी. पुढे ‘एक जागरूक नागरिक’ही मीच झालो, आणि एकदा त्या दोघांत असा वाद लावून दिला की त्यात मूळ लेखकाला, म्हणजे मलाच, माघार घ्यावी लागली.

नाही, कबुली ही नाही. ही तर गंमत झाली. इथवर मी मित्रांनाही सांगतो. आणि ते हसतात तेव्हा मी इथेच थांबतो — दर वेळी, नेमका इथेच.

पुढचं असं. एके दिवशी ब्लॉगवर खरीखुरी प्रतिक्रिया आली. मी न लिहिलेली! अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एक शाळा आहे, तिथल्या शिक्षकांची. अगदी नम्र प्रश्न: ‘सर, आमच्याकडे सकाळभर लाईट नसते. तुमच्याकडेही नसणारच. मग संगणकाचा तास तुम्ही नेमका घेता कसा?’

मी दोन दिवस कॅफेकडे फिरकलो नाही.

आता गांगुर्डे बाईंबद्दल सांगायला हवं. वनिता गांगुर्डे. सहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका, मराठी आणि भूगोल शिकवायच्या. उल्हासनगरहून यायच्या, चार नंबर कॅम्पातून. खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यात दोरा, सेफ्टी पिना आणि जुन्या वह्यांचे पुठ्ठे. त्या वर्षी त्या मला म्हणाल्या होत्या, “सर, ती खोली माझ्या पोरांना उघडून द्या ना. लाईट नसली तर नसू दे. मी बघते काय करायचं ते.” मी हेडसरांना जाऊन सांगितलं की झबल्यांच्या आत दमट हवा साचते आणि संगणकांना बुरशी धरते, आठवड्यातून दोनदा खोली उघडी ठेवायलाच हवी. हेडसर घाबरले. किल्ली देताना मात्र म्हणाले, “गांगुर्डे बाईंना कॉम्प्युटरमधलं काय कळतंय हो?”

मी हसलो. नुसता हसलो. आमच्या शाळेत हुशार कोण हे आडनावांवरून आधीच ठरलेलं असायचं, आणि त्या ठरावाचा फायदा मला आयता मिळत आला होता. तो तसाच मिळत राहावा असंच मला वाटत असणार, नाहीतर हसलो कशाला असतो?

तर त्या प्रतिक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून जात होतो. संगणकाच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर आठ संगणक झबली घालून गप्प बसलेले, आणि समोर अख्खी सहावी ‘ब’ संगणक झालेली.

प्रत्येक मुलाच्या छातीवर सेफ्टी पिनेने पुठ्ठा लावलेला. कुणी ‘भूगोल’ नावाचा फोल्डर, कुणी ‘नद्या’, कुणी ‘उल्हास नदी’. एक मुलगा माऊस. त्याने खांद्यावर दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडायचा, आणि आपल्या आत कोण कोण आहे ते ओरडून सांगायचा. बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीतली सुगंधा नावाची मुलगी, जिने जन्मात कधी बटण दाबलं नव्हतं, ती दोन्ही हात पसरून ओरडत होती, “बाई, माझ्या पोटात आजून एक फोल्डर हाय! त्याला इचारा!” हातात चिठ्ठ्या, त्यांवर मुलं माहिती लिहीत होती. लिहिलेली चिठ्ठी खिशात घातली की ती सेव्ह झाली. आणि मधेच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गांगुर्डे बाई टाळी वाजवून ओरडल्या, “लाईट गेली!”

ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याने ती तिथल्या तिथे फाडायची. खिशातली वाचली, हातातली गेली. भारनियमनात वाढलेल्या पोरांना याहून सोपं करून कोण सांगणार होतं?

मी पुढचं पाहायला थांबलो नाही. माझा तास मोकळा होता, तडक कॅफेत गेलो; तिथे जनरेटर होता. अंबरनाथच्या सरांना उत्तर लिहिलं — उत्तर कसलं, अख्खा लेखच झाला. ‘विजेशिवायचा संगणक’. पहिलं वाक्य असं होतं: ‘भारनियमनावर उपाय म्हणून मी माझ्या वर्गात एक खेळ सुरू केला आहे.’

मी. माझ्या वर्गात.

‘आमच्या शाळेतल्या एका बाईंनी’ असं लिहायला किती वेळ लागला असता? कॅफेवाला तासाच्या हिशेबाने पैसे घ्यायचा हे खरं, पण तेवढ्या चार शब्दांनी माझं दिवाळं निघालं नसतं.

तो लेख पसरला. कुणी छापून शिक्षकांच्या खोलीत लावला, कुणी गोंदियाहून पत्र पाठवलं. खरे वाचक आल्यावर ‘एक पालक’ आणि ‘जागरूक नागरिक’ हे दोघे मुकाट्याने निवृत्त झाले. आणि थोड्याच दिवसांत मला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मार्गदर्शक म्हणून बोलावणं आलं. उल्हासनगरमधल्या एका शाळेचं सभागृह, चाळीसेक शिक्षक. मी नवा सफारी शिवून घेतला. हे सांगितलं पाहिजे.

सभागृहात शिरलो. तिसऱ्या रांगेत गांगुर्डे बाई बसल्या होत्या. आमच्या शाळेतून कुणाचं नाव पाठवलंय हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा तरी बोलायचं ना? एक वाक्य. ‘हा खेळ यांचा आहे, यांनाच पुढे बोलावतो.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मलाही दिलदार म्हणाले असते. माझ्यासारख्या टाळीच्या भुकेल्याला तोही सौदा वाईट नव्हता. पण मी काय म्हणालो? “चला, फोल्डर कोण कोण होणार?” — आणि गांगुर्डे बाई उठल्या. पुठ्ठा घेतला. स्वतःच्या हातांनी छातीला लावला. स्वतःच्या खेळात माझ्या हुकमाने फोल्डर होऊन उभ्या राहिल्या.

खेळ रंगला. मी टाळी वाजवली, “लाईट गेली!” आणि वांगणीच्या एका शाळेतल्या काळे बाई — निवृत्तीला टेकलेल्या, संगणकाच्या नावानेच धास्तावणाऱ्या — त्यांची अख्खी भरलेली चिठ्ठी हातातच राहिली होती. फाडावी लागली. सभागृह हसलं. मागून कुणी म्हणालं, “गेलं मावशींचं सगळं पाण्यात!” काळे बाई तुकडे हातात धरून उभ्या. डोळे भरून आलेले. म्हणाल्या, “म्हणूनच म्हणते, आपल्याच्यानं व्हायचं नाही हे.”

आणि मला पुढे काय करायचं ते माहीतच नव्हतं. कारण त्या दिवशी मी खिडकीतून एवढंच पाहिलं होतं! खेळ संपला असं समजून मी कॅफेकडे पळालो होतो.

गांगुर्डे बाई पुढे झाल्या. काळे बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “टेन्शन नका घेऊ बाई. ज्याची फाइल गेली त्याला सगळ्यांनी मिळून लिहून द्यायची असते. बोला, पहिली ओळ काय होती?” कुणी एक ओळ सांगितली, कुणी दुसरी. मघाशी हसणाराच तिसरी सांगायला पुढे आला. काळे बाई डोळे पुसत लिहीत गेल्या, चिठ्ठी खिशात घातली, वरून खिसा थोपटला — तेव्हाचं हसणं वेगळं होतं. त्याच क्षणी मला कळलं की खेळ फाइलींचा नव्हताच. मुलाचं काही गेलं, चुकलं, तर वर्गाने काय करायचं — हे गांगुर्डे बाई सहावी ‘ब’ला शिकवत होत्या. मी मात्र तेवढंच गाळून बाकीचं सगळ्या महाराष्ट्राला वाटलं होतं.

अंबरनाथचे ते सर, पहिला प्रश्न विचारणारे, समोरच बसले होते. उठून म्हणाले, “वा! सर, हे लेखात नव्हतं. हेपण तुमचंच ना?”

गांगुर्डे बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. वर्गात एखाद्या मुलाला प्रश्न विचारून आपण थांबतो ना, त्याला उत्तर येतं हे माहीत असतं म्हणून थांबतो — तसं पाहिलं.

मी म्हणालो, “हो. तो शेवटचा टप्पा. मुद्दामच राखून ठेवला होता.”

झालं. हीच ती गोष्ट.

गांगुर्डे बाईंनी छातीवरची पिन काढली, पुठ्ठा टेबलावर ठेवला, जागेवर जाऊन बसल्या. सुटल्यावर दारात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “सर, पुढच्या वेळी चिठ्ठ्या जाड कागदाच्या घ्या. पातळ आपोआप फाटतात.” आणि खांद्याला पिशवी लावून कॅम्पाच्या दिशेने चालू लागल्या.

पुढल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी माझ्या खेळाचं कौतुक केलं, हेडसरांनी तर संगणकक्रांतीचा शब्दसुद्धा माझ्याच लेखातून उचलला. मग गांगुर्डे बाई बोलायला उठल्या. वाटलं, आता. त्या म्हणाल्या, “सरांनी मला मराठी टायपिंग शिकवलं, माझ्या शंभर चुकांना हसले नाहीत. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा पंधरा दिवस माझे तास घेतले, रजिस्टरला नोंद न करता. वाडीवरच्या मुलांची नावं पटावरून कमी करायची असं शाळेत म्हणत होते तेव्हा सर स्वतः तिकडे चालत गेले, एकेका आईशी बोलले. मी सरांची आभारी आहे.” आणि बसल्या.

खेळाचं नाव काढलं नाही. मी चोरलं तेही सांगितलं नाही, माझं होतं असंही म्हणाल्या नाहीत. निरोपाच्या भाषणातसुद्धा ही बाई खोटं बोलली नाही! जे मी खरंच केलं होतं तेवढं वेचून काढलं — ते तास, ती वाडी, मी स्वतःही विसरलो होतो — आणि माझ्या पदरात घातलं. एवढं नीट कुणी कधी पाहिलं होतं मला? आरशातही मी एवढा बरा दिसलो नव्हतो.

ब्लॉग अजून आहे. तो शेवटचा टप्पाही मी नंतर लेखात जोडला. अधूनमधून कुणी शिक्षक लिहितो: ‘सर, तुमच्या खेळामुळे माझ्या वर्गातली मुलं एकमेकांना मदत करू लागली, धन्यवाद.’ हे सगळे चुकीच्या पत्त्यावर आलेले आभार. मी ते उघडतो, वाचतो, आणि गांगुर्डे बाईंची आठवण येते — आधी लाज, आणि तिच्या पाठोपाठ, कसं सांगू, एक ऊब. अशा माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसलो. हे काय कमी मिळालं?

खेळ वनिता गांगुर्डे यांचा आहे. पहिल्या पिनेपासून शेवटच्या टप्प्यापर्यंत त्यांचाच. त्यांच्या शेजारी उभं राहून तो माझा आहे असं मी सांगितलं, आणि माझ्या तोंडून खरं उत्तर येईल म्हणून त्या थांबल्या होत्या.