शेजारची कपबशी

सरकारी शिष्यवृत्त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे घरोघर जाऊन तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. या कामाची गोडी कशी लागली, असं लोक विचारतात. गोडी कसली आलीय! अशाच एका पाहणीपायी माझी शाळा सुटता सुटता राहिली होती, त्याचा राग डोक्यात होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही घोडपदेवच्या एका चाळीत राहायचो. वडील गिरणीत साचेखात्यात होते, आणि आई गावाकडून आलेल्या गिरणीकामगारांना जेवू घालायची. ते आमच्याच खोलीत राहायचे. एकजण पाळीवरून येऊन आडवा व्हायचा तेव्हा दुसरा पाळीवर निघालेला असायचा. त्या घोरण्यात मी पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर वही ठेवून अभ्यास करायची. उभ्यानेच. गरीब घरातल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती मला मिळाली होती म्हणून हे चाललं होतं. ती बंद झाली तर शाळाही बंद आणि माझी रवानगी गावी आजीकडे, असं वडिलांनी सरळ सांगून ठेवलं होतं. ते दुष्ट नव्हते. माझ्या पाठी दोन भाऊ शिकायचे होते.

एके दिवशी शाळेतून निरोप आला की शिष्यवृत्तीचा मुलांना काय उपयोग होतो ते बघायला एक सरकारी गृहस्थ घरी येणार आहेत. चाळीत लगेच वाद पेटला. ज्या सरकारने आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या त्याच्या माणसाला चहा कशाला पाजायचा, असं मोर्चातून परतलेल्या तरुण मंडळींचं म्हणणं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की सरकार येऊ दे नाहीतर आणखी कोण, माझ्या घरात येतो तो पाहुणा.

मग काय विचारता! तळमजल्यावरून खुर्ची आली. कोपऱ्यातल्या खोलीतलं टेबल आलं, आणि ते वर चढवायला मघाशी तावातावाने बोलणारेच पुढे होते. कुणी भिंतीवरचं घड्याळ दिलं, कुणी पलंगपोस. शेजारणीने तिच्या लग्नातल्या, निळ्या फुलांच्या कपबश्या दिल्या. आमच्याकडे राहणाऱ्या सगळ्यांना ट्रंका-वळकट्यांसह व्यायामशाळेत धाडण्यात आलं. खोली रिकामी झाल्यावर मी आमची फरशी पहिल्यांदाच पूर्ण पाहिली.

गृहस्थ शिवाजी पार्ककडचे असावेत, बोलण्यावरून तरी तसं वाटलं. टेबल इतकं उंच होतं की माझी हनुवटी जेमतेम वर येत होती, तरी मी पुस्तक उघडून ऐटीत बसले होते. ते चहा प्याले, घर नीटनेटकं आहे म्हणाले, कागदावर काहीतरी लिहून निघून गेले. आई आठवडाभर हवेत होती.

महिन्याभराने मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. घरची परिस्थिती चांगली असल्याने शिष्यवृत्ती थांबवली आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मी घरी येऊन रडले. वडील म्हणाले की ते सामान मागून आणलेलं होतं, हे सांगायला मी जाणार नाही. त्यांना फार लाज वाटत होती. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली.

आई गेली. फोर्टातल्या कचेरीत, मला हाताला धरून. जुनं फाटकं लुगडं नेस, म्हणजे काम होईल, असं शेजारणीने सुचवलं होतं, पण आई ठेवणीतलंच नेसली. त्या गृहस्थांसमोर उभी राहून तिने एकेक वस्तू कुणाची ते सांगितलं. खुर्ची यांची, टेबल त्यांचं, घड्याळ आणखी तिसऱ्याचं. तिचे कान लाल झाले होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी पुन्हा येतो," ते म्हणाले. "मात्र या वेळी काही मागून आणू नका."

इतका वेळ जपून शुद्ध बोलणारी आई त्यावर एकदम मालवणीत घसरली. "परत इलात तरी चाय कपबशीतच देतलंय. आणि कपबशी शेजारचीच आसतली. ता पण लिवून घेवा."

आता संपलं, असं मला वाटलं. पण ते आले. या वेळी वर्दी न देता. खोलीत तिघे झोपलेले, ट्रंका एकावर एक, दोरीवर ओले कपडे. ते चटईवर मांडी घालून बसले. आईने मला डोळ्याने खुणावलं. मी त्यांच्या देखत शेजारी गेले आणि निळ्या फुलांची कपबशी घेऊन आले. अभ्यास कुठे करतेस, असं त्यांनी विचारल्यावर मी पिंप दाखवलं. ते उठून पिंपापाशी गेले, झाकणावर आपला कागद ठेवला आणि तिथेच उभ्याने लिहिलं. शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाली.

पुढे पाहण्या करताना मी शेकडो घरांत चहा प्याले. तपासायला आलेल्या माणसालाही लोक पाहुणा मानतात, आणि पाहुण्यापुढे उघडं पडणं कुणालाच आवडत नाही. चहाची भांडी कुणाची, असा प्रश्न पाहणीत घालावा म्हणून मी एकदा वरिष्ठांशी भांडले होते. ते हसले.

त्याच शिष्यवृत्तीवर मी मॅट्रिक झाले. निकालाच्या दिवशी आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कपबश्या विकत आणल्या. त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या एका मुलीकडे पाहणीवाले येणार होते. आईने त्या नव्या कपबश्या पदराने पुसल्या आणि खाली पाठवून दिल्या.